हळू चालविण्याची शर्यत

वाचकहो, शाळेच्या वा जत्रेच्या खेळांत हळू सायकल चालविण्याची शर्यत आपण पाहिलीच असेल. जो सर्वांच्या मागून पोहोचेल आणि ज्याचा पाय जमिनीस टेकणार नाही, तो विजयी. आम्ही ती निव्वळ करमणूक समजत होतो. कडगंचीच्या बसथांब्याजवळ मात्र आमचा हा समज पार उतरला.

कलबुर्गी-आळंद रस्त्यावरचे हे गाव. २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ येथेच असल्याने विद्यार्थ्यांची ये-जा. त्यात बसगाड्या आणि सुगीत तुरीने लादलेले ट्रॅक्टर. आमच्या मोटारसायकलीवर मागे अक्का एका बाजूस पाय सोडून बसल्या होत्या. गाडी माघारी वळवीत असता समोर ट्रॅक्टर आला. हँडल वळलेले असतानाच आम्ही पुढचा ब्रेक करकचून दाबला, आणि गाडी आतल्या बाजूस कोसळली. वेग पायी चालणाऱ्याइतकाच असेल. पण अक्कांच्या मनगटाचे हाड मोडले. “अरे, आळंदहून वाऱ्यासारखा आलास, आणि वळण्यापुरता पडलास?” एवढेच त्या म्हणाल्या.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. दुचाकी ज्या बाजूस कलते त्या बाजूस चाक किंचित वळवून आपण ती सावरीत असतो. वेगात हे वळविणे इतके अल्प असते की ध्यानातही येत नाही; वेग मंदावला की तेच काम हँडल पुष्कळ फिरवून करावे लागते. म्हणजे कौशल्याची खरी गरज सावकाशीत!

जपानमध्ये परवान्याच्या परीक्षेत १५ मीटर लांब व अवघ्या ३० सेंटिमीटर रुंद फळीवरून मोटारसायकल न्यावी लागते. मध्यम गाडीस किमान ७ सेकंद आणि मोठ्या गाडीस १० सेकंद लागलेच पाहिजेत. लवकर पोहोचल्यास गुण कापतात, चाक फळीवरून घसरल्यास परीक्षाच संपते. आपल्याकडेही अनेक ठिकाणी पाय न टेकता इंग्रजी आठाच्या आकड्यावरून गाडी फिरवून दाखवितात. पण आपण तो आठ परवान्यापुरता गिरवितो. (आम्हीही त्यांतलेच.)

मग एका निवृत्त जवानाने आम्हांस पुन्हा बाराखडीपासून बसविले. शाळा म्हणजे उन्हाळ्यात रिकामे झालेले खळे, आणि पाट्या-पेन्सिलीऐवजी विटा. पहिला धडा क्लचचा. तो पूर्ण सोडायचा नाही, पूर्ण दाबायचाही नाही. ज्या ठिकाणी गाडी नुकती ओढू लागते तेथेच बोटे खेळवायची, इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवायचा आणि मागच्या ब्रेकवर पायाचा हलका भार द्यायचा. इंजिन ओढते आहे आणि ब्रेक आवरतो आहे, या ताणात गाडी आश्चर्यकारक शांत होते. बिनगिअरच्या स्कूटरला क्लचच नसतो. तेथे थोडा पीळ देऊन डाव्या हाताचा ब्रेक अलगद धरावा लागतो. अरुंद वळणात गाडी आत कलू द्यावी आणि आपले अंग बाहेरच्या बाजूस ठेवावे. वळलेल्या हँडलावर पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, हे तर आम्ही अक्कांच्या मनगटाच्या किमतीस शिकलो होतो.

सर्वांत जड गेला तो नजरेचा धडा. विटेकडे पाहिले की चाक नेमके विटेवर! हनुवटी खांद्यापर्यंत फिरवून जेथे जायचे तेथे पाहावे, असे ते बजावीत. आणि आम्ही पुनःपुन्हा चाकाकडे पाहून पाय टेकवीत होतो. तिसऱ्या रविवारी आठ पुरा झाला. शिरस्त्राण मात्र पहिल्याच दिवसापासून डोक्यावर होते. कायद्याने ते मागे बसणाऱ्यासही सक्तीचे आहे.

मागे माणूस बसले, तेही एका बाजूस, की सारा तोल बदलतो. म्हणून आम्ही अक्कांना खळ्यात बोलाविले. त्यांनी नव्या शिरस्त्राणाकडे पाहिले, विटांकडे पाहिले आणि घरातून तुरीचे पोते आणविले.

“आधी हिला बसव,” त्या म्हणाल्या, “आठ फेऱ्या झाल्या की मला हाक मार.”

सहावी फेरी चालू असता त्या आपण होऊनच खळ्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या.