न पेटलेल्या भट्टीचं व्याज

फिलिपिन्सच्या सरकारला अणुवीज पाहिजे. २०३२ पर्यंत १,२०० मेगावॅट, २०३५ पर्यंत दुप्पट, २०५० पर्यंत ४,८०० मेगावॅट असा हिशेब त्यांनी मांडून ठेवलाय. २०२३ साली अमेरिकेशी अणुकरार केला. जुनी भट्टी जिवंत होते का बघायला २०२४ साली दक्षिण कोरियाच्या सरकारी कंपनीशी बोलणी पक्की केली. २०२५ साली अणुसुरक्षेचा कायदाही करून टाकला. हे सगळं धाकट्या मार्कोसच्या कारकिर्दीत. आणि ती जुनी भट्टी बांधली थोरल्या मार्कोसने, म्हणजे त्याच्या बापाने. बाताआन प्रांतात, मोरोंगच्या समुद्रकाठावर ती १९८४ पासून पुरी होऊन उभी आहे. तिच्यावर आजवर एक बल्ब पेटला नाही. पैसे मात्र पुरे वसूल झाले.

कुणाकडून, तेच सांगायला बसलोय.

मॅट्रिक झालेल्या गोदीतल्या हमालाने फिलिपिन्सची उठाठेव का करावी, असं कुणी सफेदपोश विचारील. गोदीत येऊन बघ म्हणावं. जहाजावर झेंडा पनामाचा असो की लायबेरियाचा, शिडी चढून वर गेलं की डेकवर फिलिपिनो खलाशी भेटणारच. आम्ही खालून स्लिंग लावतो, तो वरून हात दाखवतो. भाषा एकमेकांची येत नाही, पण विडी-सिगरेटपुरती ओळख होते. तोही ठेक्यावर, आम्हीही ठेक्यावर. ह्या माणसांच्या कमाईवर त्यांच्या सरकारची किती बारीक नजर होती ऐका. १९८२ साली थोरल्या मार्कोसने हुकूम काढला, की परदेशी जहाजावरच्या खलाशाने मूळ पगारातले ८० टक्के बँकेमार्फत मायदेशी पाठवलेच पाहिजेत. बायकापोरांना पैसे कोण पाठवत नाही? त्याला हुकूम कशाला लागतो? पण देशावर कर्जाचा डोंगर होता, आणि कर्ज पेसोत फिटत नव्हतं. डॉलर पाहिजे होते. त्याच डोंगरातला एक मोठा धोंडा म्हणजे बाताआनची भट्टी.

ती कशी उभी राहिली तेही बघा. सप्टेंबर १९७२ मध्ये मार्कोसने मार्शल लॉ पुकारला. पार्लमेंटला कुलूप, छापखान्यांना कुलूप, बोलणारे तुरुंगात. आणि जुलै १९७३ मध्ये अणुभट्टीची घोषणा. विचारणारं कुणी उरलंच नव्हतं, तेव्हा विचारलं. दोन अमेरिकन कंपन्या दारात उभ्या होत्या, जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाऊस. जनरल इलेक्ट्रिकने जास्त तपशिलाचे कागद आणले होते म्हणतात. वेस्टिंगहाऊसने हेर्मिनिओ डिसिनी आणला. हा मार्कोसबरोबर गोल्फ खेळायचा आणि त्याची बायको इमेल्डाची नातलग. काम कुणाला मिळालं हे गोदीतल्या कुठल्याही पोराने सांगावं, आमच्याकडेही ठेका असाच मिळतो. आधी बोली होती दोन भट्ट्या, ५० कोटी डॉलर. शेवटी आली एकच भट्टी, ६२० मेगावॅटची, आणि बिल झालं २०० कोटी डॉलरच्या वर.

डिसिनीला कमिशन दिलं हे कंपनीने नाकारलं नाही. ती लाच नव्हती एवढंच तिचं म्हणणं, आणि १९९३ साली अमेरिकेतल्या ज्यूरीने ते मान्य करून तिला सोडलं. मनिलाच्या सुप्रीम कोर्टाने डिसिनीवर एक अब्ज पेसोची भरपाई बसवली ती २०२१ साली. म्हणजे भट्टी पुरी झाल्यावर सदतीस वर्षांनी. गरिबाचा हप्ता सदतीस दिवस थकवून दाखवा.

धोक्याचं म्हणाल तर तोही खोटा नव्हता. भट्टी नातिब नावाच्या ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर बांधलेली. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडला अपघात झाला तेव्हा मार्कोसलाही काम थांबवून चौकशी लावावी लागली. चौकशीवाल्यांनी भट्टी सुरक्षित नाही म्हणून सांगितलं. थोडे फेरफार करून काम पुन्हा चालू. मग जून १९८५ मध्ये बाताआनच्या लोकांनी तीन दिवस सगळा प्रांत बंद ठेवला. मार्शल लॉ कागदावर उठला होता, बंदूक उठली नव्हती, तरी बंद ठेवला. फेब्रुवारी १९८६ मध्ये मार्कोस देश सोडून पळाला, एप्रिलमध्ये चेर्नोबिल झालं, आणि नव्या आकिनो सरकारने भट्टी चालू करायची नाही असं ठरवलं.

इथंच आपले लोक टाळ्या वाजवून घरी जातात. खरी गोष्ट इथून पुढं आहे.

भट्टी बंद, पण कर्ज चालू. आकिनोबाईंनी जगाच्या सावकारांना शब्द दिला की आधीची सगळी देणी फेडू. मार्कोसच्याच काळातला एक कायदा आहे, कर्जाच्या हप्त्याचे पैसे आपोआप बाजूला काढायचे, दरवर्षी पार्लमेंटने मंजुरी द्यायची गरज नाही. मार्कोस गेला, तो कायदा राहिला. शाळा, दवाखाना, रस्ता यांच्यासाठी दरसाल भांडा. सावकाराचं पान आधीच वाढलेलं. बाताआनचा शेवटचा हप्ता गेला एप्रिल २००७ मध्ये. मार्कोस पळाला त्या साली जन्मलेलं पोर तोवर एकवीस वर्षांचं झालं होतं, आणि त्याने मिठापासून तेलापर्यंत जे जे विकत घेतलं त्याच्या करातून त्या भट्टीचं व्याज गेलं. आपल्या आज्यांना हे समजावून सांगायला नको. आज्याने अंगठा उठवायचा, बापाने सालगडी राहायचं, नातवाने मूळ रक्कम विचारली तर वही दाखवायची नाही. फरक एवढाच, की मोरोंगच्या कोळ्याने अंगठासुद्धा उठवला नव्हता.

आता कुणी मला कंदिलाचं कौतुक सांगू नये. ज्यांच्या दोन्ही खोल्यांत एसी आहे ते आम्हाला साधं जगणं शिकवतात, त्यांच्या बाजूचा मी नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मॅट्रिक होण्यात काही काव्य नसतं, डोळे जातात. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि वीज त्याच खात्यात होती. वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे, त्याशिवाय कारखाने नाहीत आणि कारखान्यांशिवाय दारिद्र्य हटणार नाही, असं त्यांनी १९४३ सालीच मांडलं. पण त्याच भाषणात त्यांनी हेही विचारलं, की ह्या विजेची मालकी कुणाची, सरकारची की खाजगी? फिलिपिन्सला वीज पाहिजे हे शंभर टक्के खरं. निम्म्याहून जास्त वीज कोळशावर निघते, आणि तिथलं बिल आशियातल्या महागड्या बिलांत मोडतं. म्हणून अणू नको, एवढं बोलून मी मोकळा होणार नाही. मी विचारतो, कागद कुणाच्या नावाने आणि फेड कुणाच्या पाठीवर?

आणि भट्टी पेटलीच, तर आत झाडलोट करायला कोण जाणार? शरीरात किती किरणं गेली ते मोजायचं, मर्यादा भरली की माणूस बदलायचा, हा ह्या धंद्याचा नियमच आहे. बदलायला माणूस स्वस्त लागतो. २०११ साली ओसाकाच्या कामागासाकी वस्तीतल्या एका रोजंदारीवाल्याला ट्रक चालवायचं काम सांगितलं आणि नेऊन सोडलं फुकुशिमाच्या भट्टीवर. जपानसारख्या देशात. आम्हाला ह्याचं नवल वाटत नाही. हॅचमध्ये उतरताना खालच्या पोत्यांत काय आहे हे आमचा ठेकेदारही सांगत नाही, घसा जळायला लागला की कळतं.

मोरोंगच्या तरुणांनी सरकारकडे काय मागावं हे शिकवणारा मी कोण. तरी सांगतो, मी तिथं असतो तर कोरियाच्या इंजिनिअरला फाटकाबाहेर उभा करून आधी आपल्या सरकारला तीन गोष्टी मागितल्या असत्या. कर्जाचा नवा कागद तागालोगमध्ये छापून गावात वाचा, व्याजासकट. हप्ते आपोआप कापणारा तो मार्कोसचा कायदा रद्द करा. आणि आत जाणाऱ्या प्रत्येक ठेका-कामगाराची किरणांची वही त्याच्या स्वतःच्या खिशात राहू द्या, मुकादमाच्या कपाटात नको. मग ज्वालामुखीबद्दल बोलू.