विसर्ग आणि स्थलांतर यांच्यामधले तास

कोल्हापूर-सांगलीचा पूर आधी कळवून येतो. ढगफुटी किंवा दरड माणसाला तयारीला वेळ देत नाही, पण कृष्णा-पंचगंगेचे पाणी घाटमाथ्यावरून पात्रात उतरायला, कराडला कोयना कृष्णेत मिसळायला आणि तिथून सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पोहोचायला तास लागतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यानंतर भोगावतीचे पाणी कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर दिसेपर्यंतही अवधी असतो. पूरनियंत्रणाची सगळी प्रशासकीय यंत्रणा या अवधीसाठी आहे. तो कसा खर्च झाला, यावरूनच तिची परीक्षा व्हायला हवी.

अडचण अशी की या अवधीची माहिती एका हाती नसते. पावसाचा अंदाज आणि पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे भारतीय हवामानशास्त्र विभाग देतो. नदीच्या पातळीचे अंदाज केंद्रीय जल आयोगाकडून येतात. धरणातून किती क्युसेक सोडायचे ते जलसंपदा विभाग ठरवतो. गाव रिकामे करायचे की नाही हा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा, आणि तो दारोदार पोहोचवायचा तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी. या साखळीतला प्रत्येक जण आपले काम चोख करत असूनही गाव पाण्यात अडकू शकते, कारण विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये येतो आणि गावकऱ्याला हवे असते ते एकच उत्तर: पाणी माझ्या उंबऱ्याला कधी लागणार?

ऑगस्ट २०१९ मध्ये हे उत्तर अनेक गावांना वेळेवर मिळाले नाही. सांगलीत कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर हे टप्पे ३९ आणि ४३ फुटांचे आहेत, तिथे पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे चढली. प्रयाग चिखली, आंबेवाडी या गावांत पहिले पाणी शिरते हे सर्वांना ठाऊक होते. तरीही पुष्कळ कुटुंबे घरातच राहिली, कारण २००५ च्या पुराची खूण त्यांच्या भिंतीवर होती आणि पाणी तिच्यावर जाणार नाही असा भरवसा होता. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघालेली बोट उलटली आणि जीव गेले. भर पुरात, ओढीच्या पाण्यात करावे लागणारे स्थलांतर किती जीवघेणे असते, याचा याहून कठोर पुरावा नको. ती माणसे रस्ता कोरडा असताना ट्रॅक्टर-ट्रॉलीतून निघू शकली असती.

म्हणून पातळीला कृती आधीच बांधून ठेवणे हा समन्वयाचा गाभा आहे. राजाराम बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी म्हणजे अमुक गावाची अमुक वाडी हलवायची, तिथला अमुक रस्ता किती फुटांवर बंद होतो, वाहने कोण देणार, निवारा कोणत्या शाळेत, हे कोष्टक पावसाळ्यापूर्वी तयार असावे आणि त्यावर जलसंपदा, महसूल व पोलीस या तिन्ही खात्यांची सही असावी. निळ्या आणि लाल पूररेषांचे नकाशे या कामाचा पाया ठरतात. मात्र ते गटनंबरांपर्यंत उतरवून ग्रामपंचायतीत लावले नाहीत, तर तलाठ्याला उपयोगाचे नाहीत. कोष्टक तयार असले की वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. बंधाऱ्यावरचा आकडाच आदेश ठरतो.

जनावरांचा प्रश्न या कोष्टकात तळटीप म्हणून येऊ नये. या भागातले कुटुंब म्हशी दावणीला बांधून घर सोडत नाही, आणि सोडावे अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. चारा, पाणी आणि पशुवैद्यक यांची सोय असलेली छावणी माणसांच्या निवाऱ्याजवळ आहे हे दिसले, तर गाव वेळेत हलते. पशुसंवर्धन खात्याला बैठकीत शेवटी बोलावण्याची पद्धत त्यामुळे सोडायला हवी.

पूर राज्याची सीमा पाळत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि पाणी कर्नाटकात जाते. तिथल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळेच सांगली बुडते असा समज पक्का आहे. २०१९ च्या पुराची कारणे तपासणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र त्या पुराचा मुख्य दोष अलमट्टीवर ठेवला नाही. दोष कोणाचा हा वाद चालू राहील, तरी दोन्ही राज्यांच्या धरणांच्या विसर्गाची माहिती एकमेकांना सतत मिळावी याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. जून २०२१ मध्ये बंगळुरूला दोन्ही राज्यांची त्यासाठी बैठक झाली. हा संपर्क मंत्र्यांच्या भेटीवर अवलंबून न राहता अभियंत्यांच्या रोजच्या कामाचा भाग व्हावा.

मदतपथकांच्या बाबतीतही वेळेचेच गणित आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे असते. २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोली येथे पुण्याकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. म्हणून पथके मागवायची ती धोका पातळी ओलांडण्यापूर्वी, महामार्ग चालू असताना. पाऊस ओसरला आणि पथक परत गेले, तर तो खर्च वाया गेला असे लेखापरीक्षणात कोणी म्हणू नये.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या ३४ व्या कलमाने जिल्हा प्राधिकरणाला वाहतूक रोखण्याचे, बाधित भागातील ये-जा बंद करण्याचे, साधने वापरासाठी मिळवण्याचे पुरेसे अधिकार दिले आहेत. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका क्षेत्रांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. त्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी असतील. कोल्हापूर आणि सांगली-मिरज-कुपवाड या दोन्ही महापालिका पूरक्षेत्रात येतात. शहराच्या हद्दीवरच्या वस्त्यांना कोणी हलवायचे, बोटी आणि निवारे कोणाच्या ताब्यात, नदीपातळीचा निरोप आधी कोणत्या नियंत्रण कक्षात जायचा, हे जिल्हा आणि नागरी अशा दोन्ही प्राधिकरणांनी मे महिन्यातच लेखी ठरवून घ्यावे आणि त्याची प्रत जलसंपदा विभागाच्या पूरनियंत्रण कक्षातही ठेवावी.