तारणाला रोज लागत नाही

हळद काढणी सुरू झाली की वसमतपासून हिंगोलीपर्यंत रोजाचीच बोलणी. सकाळी शेतात उतरलेल्या बाईला आणि उन्हं कलल्यावर आलेल्या बाईला मालकाने सारखाच रोज दिला, तर बांधावरच भांडण जुंपेल. येशूने नेमकी हीच गोष्ट सांगितली. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी पहाटेच्या मजुरांना एक दिनार कबूल करतो आणि दिवस बुडायला तासभर उरला असताना आलेल्यांच्या हातावरही तोच दिनार ठेवतो. पहाटेचे कुरकुरतात. धनी विचारतो, तुमचं ठरलेलं तुम्हाला मिळालं, मग माझं उदार होणं तुम्हाला का खुपावं?

तारण असंच मिळतं. ते राबून कमावता येत नाही.

पंडिता रमाबाईंनाही हे उमगायला वेळ लागला. लहानपणी आईवडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा, व्रतं, उपास, दानधर्म. त्यात होतं नव्हतं ते संपलं आणि दुष्काळाने आईवडीलही नेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी जिवाला शांती नव्हती. धर्म मिळाला पण ख्रिस्त अजून भेटला नव्हता, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं. क्षमा आत्ताच, आहे तशा अवस्थेत आणि फुकट मिळते, हे कित्येक वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं. त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या, केडगावला त्यांचं घर उभारलं. स्वर्ग विकत घ्यायला नव्हे. तारण आधीच पदरात पडलं होतं, म्हणून एवढं काम झालं.

दारू सुटली की येईन, कर्ज फिटलं की येईन, असं म्हणणाऱ्या भावांनो, बहिणींनो, थांबू नका. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या अपराध्याला एकही चांगलं काम करायला सवड उरली नव्हती. माझी आठवण ठेव, एवढंच त्याने मागितलं, आणि त्याच दिवशी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं.

आणि प्रार्थनेचे इतके, आजार बरा करण्याचे इतके, असा दर कुणी सांगू लागला तर तिथून उठून या. मंडळीतलं दान हे आभाराचं, ऐपतीप्रमाणे आणि राजीखुशीने द्यायचं. त्यासाठी सावकाराकडे जाऊ नका. डॉक्टरांची औषधंही बंद करू नका. आज रात्री घरात मत्तयाचा तो अध्याय मोठ्याने वाचा, आणि घरातल्या सगळ्यांत थकलेल्या माणसाला जवळ बसवा.