दोष कुत्र्याचा की साखळीचा?



शेतावरच्या घराला राखण हवी म्हणून आपल्याकडे बहुतेक घरी कुत्रे असते. त्याला गोठ्याच्या खांबाला बांधायचे आणि उरलेला भात पुढे टाकायचा, एवढ्यावर त्याची काळजी संपते. रात्रंदिवस बांधले की कुत्रे तिखट होते व राखण चांगली करते, अशी जुनी समजूत आहे. माझ्या मते ती चुकीची आहे. तिची किंमत बहुधा लहान मुले मोजतात.

बांधलेल्या जनावराला भीती वाटली तरी पळता येत नाही. मग त्याच्यापाशी दातच उरतात. माणसांत वावरायला मिळाले नाही, तर चोर कोण आणि शेजारचे लेकरू कोण हे त्याने ओळखावे कसे? हे शिकण्याचे खरे वय तीन आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत असते. म्हणून पिलू आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे. घरी आणल्यावर मुले, पाहुणे, गुरे व कोंबड्या यांची त्याला हळूहळू सवय लावावी.

मोठ्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ बांधावर फिरवून आणावे. बांधणे भागच असेल तर दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यात कडी सरकती ठेवावी. सावली व पाणी जवळ असावे. दिवसभर एका जागी खिळलेले कुत्रे रात्रभर भुंकते, यात नवल नाही.

काठीने कुत्रे सुधारत नाही. कोंबडी धरल्यावर तासाभराने मार दिला, तर तो कशासाठी हे त्याला कळत नाही. ते फक्त मालकाला भिऊ लागते. गुरगुरल्याबद्दलही मारू नये. गुरगुरणे हा इशारा आहे. तो मारून बंद केला, की कुत्रे इशारा न देताच चावते. ते खात असताना मुलांना जवळ जाऊ देऊ नये.

शांत कुत्रे एकाएकी बदलले, तर आधी कान, दात, जखमा व गोचिड्या पाहाव्यात. दुखण्यानेही जनावर चिडते. मात्र आवाज बदलला, लाळ गळू लागली, जबडा लोंबला, तर घशात हाड अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नये. ते पिसाळलेले असू शकते. लांब राहून पशुवैद्यांना कळवावे.

कुत्रे चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा व सर्व इंजेक्शने ठरल्या दिवशी घ्यावीत. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही.

गोव्यात कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचली गेली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. म्हणजे हे काम होण्यासारखे आहे.

तोबितच्या ग्रंथात तरुण तोबिया देवदूत राफाएलबरोबर प्रवासाला निघतो, तेव्हा कुत्रेही सोबत चालते. त्याच्या गळ्यात साखळी होती असे कुठे लिहिलेले नाही. आपल्या दारच्या मुक्या सोबत्यालाही थोडे चालू द्या. पिलू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्या, आणि पुढे दरवर्षी चुकवू नका.

— आपले धर्मगुरू