जुनी होडी घेताना रंग पाहावा की लाकूड?

शेतकरी बाजारात बैल घेण्यास जातो, तेव्हा शिंगांना लावलेल्या रंगाला तो भुलत नाही. तो दात पाहतो, खूर उचलून पाहतो, खांद्यावर जुन्या जखमेचा वण आहे काय हे हाताने चाचपतो आणि शक्य झाल्यास गाडीस जुंपून चार पावले चालवूनही पाहतो. हे शहाणपण त्यास वाडवडिलांकडून मिळालेले असते. परंतु तोच शेतकरी जलाशयातील मासेमारीसाठी आयुष्यातील पहिली होडी घेण्यास निघतो, तेव्हा ताजा निळा रंग आणि दोरीच्या एका झटक्यात सुरू होणारे इंजिन पाहून इसार देऊन मोकळा होतो. बैलाच्या बाबतीत दिसणारी सावधगिरी होडीच्या बाबतीत का दिसू नये, याचा विचार जलाशयाकाठच्या प्रत्येक गावाने करण्याची वेळ आली आहे.

भीमा नदीवरील उजनी, गोदावरीवरील जायकवाडी यांसारख्या मोठ्या जलाशयांच्या काठी मासेमारी हा अनेक कुटुंबांचा मुख्य अथवा जोडधंदा आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. यामुळे शेतीबरोबर मासेमारीकडे वळू पाहणाऱ्या तरुणांची उमेद वाढणे स्वाभाविक आहे. नवी फायबरची होडी व नवे इंजिन यांची किंमत प्रत्येकास झेपत नाही. म्हणून पहिली होडी बहुधा जुनीच घेतली जाते. "जुनी होडी घेऊच नये" असा सल्ला काही जाणते लोक देतात. तो सल्ला सुरक्षित असला, तरी लहान माणसाच्या उपयोगाचा नाही. चांगली राखलेली जुनी होडी अनेक वर्षे चाकरी करते. दोष जुनेपणात नसून न तपासता घेण्यात आहे.

फायबरची होडी कुजत नाही, हा समज सर्वत्र आढळतो आणि बहुतेक फसवणुकीचे मूळ त्यातच आहे. काचतंतूंचे थर रेझिनने एकमेकांस चिकटवून होडीचे कवच तयार करितात. हे कवच कुजत नाही हे खरे. परंतु इंजिन ज्यावर अडकवितात तो मागचा आडवा फळा, तळाच्या आतील उभ्या पट्ट्या आणि पाय ठेवण्याची जमीन यांच्या पोटात पुष्कळदा प्लायवुड किंवा साधे लाकूड असते. स्क्रू व बोल्ट यांच्या भोकांतून पाणी हळूहळू आत शिरते. वरून कवच धडधाकट दिसते आणि आत लाकडाचा भुगा होत जातो. अशा फळ्यावर जड इंजिन पूर्ण वेगाने चालविले, तर फळा निखळून इंजिन तळाशी जाण्याचा व त्या वाटेने होडीत पाणी शिरण्याचा धोका असतो. रंगाचा नवा हात या कुजण्यावर उत्तम पांघरूण घालतो. सबब, विक्रीच्या आदल्या आठवड्यात रंगविलेली होडी ही खरेदीदाराने आनंदाने नव्हे, तर संशयाने पाहावयाची वस्तू होय.

परीक्षेसाठी मोठ्या यंत्रांची आवश्यकता नाही. लाकडी हातोडीने मागचा फळा व तळ वीत वीत अंतरावर ठोकून पाहावा. निकोप भागाचा आवाज टणक व स्वच्छ येतो. कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या भागाचा आवाज बसका व पोकळ येतो. त्यानंतर इंजिन सरळ स्थितीत ठेवून त्याचा खालचा पाय हातांनी पुढेमागे दाबावा. इंजिनाबरोबर फळाही हलला, किंवा बोल्टांभोवती पाणी पाझरले, तर आतील लाकूड गेले असे धरून चालावे. शंका राहिल्यास विक्रेत्याच्या संमतीने फळ्याच्या आतल्या बाजूस खालच्या अंगाला एक बारीक भोक पाडावे. कोरडा, फिकट रंगाचा भुसा निघाला तर फळा चांगला. ओला व काळपट निघाला तर खराब. भोक रेझिनने त्वरित बुजवावे. जो विक्रेता एवढ्यासही संमती देत नाही, त्याचे उत्तर तेथेच मिळाले असे समजावे.

होडीचे वजन हीदेखील बोलकी खूण आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. जमिनीखालच्या पोकळीत भरलेला फोम वर्षानुवर्षे पाणी पीत राहिला, तर होडी जड होते आणि बुडतेवेळी तरंगण्यास तिला जो आधार हवा तोच नाहीसा होतो. त्याच बनावटीची दुसरी होडी शेजारी उभी करून दोन्ही किती बुडतात हे पाहिल्यास फरक ध्यानात येतो. होडी किमान एक तास पाण्यात ठेवून आत किती पाणी आले हेही पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. कोपऱ्यांवरील कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा बहुधा वरच्या थरापुरत्या असतात. त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र नखात अडकणारी, दाबल्यावर उघडणारी लांब चीर ही कवच दुभंगल्याची खूण होय.

इंजिनाच्या परीक्षेत एक युक्ती ओळखून असावे. गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन चालवून गरम करून ठेविले, तर ते सहज सुरू होते. म्हणून इंजिनास हात लावून ते थंड आहे याची खात्री करावी व मगच सुरू करण्यास सांगावे. सुरू झाल्यावर थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर पडते की नाही, हे पाहावे. पाण्याबाहेर इंजिन कोरडे चालवून दाखविणाऱ्यास त्वरित थांबवावे. पाणी खेचणारी रबराची चक्री कोरड्या स्थितीत अल्पावधीत जळते. गिअर ऑइल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ दिसल्यास सील फाटून आत पाणी शिरले आहे. कॉम्प्रेशन मोजण्याचे साधन मिळाल्यास सर्व सिलिंडर तपासावेत. त्यांच्या मापांत १० टक्क्यांहून अधिक तफावत असल्यास ते इंजिन मिस्त्रीस दाखविल्यावाचून घेऊ नये. कागदपत्रेही याच वेळी पाहणे इष्ट. इंजिनावरील क्रमांक व खरेदीपत्रातील क्रमांक एकच असला पाहिजे.

आता पैशाचा प्रश्न. हाती असलेली सर्व रक्कम खरेदीत घालणे ही पहिल्या होडीच्या मालकाची सर्वांत महाग चूक होय. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूस ठेवावा आणि उरलेल्या दोन हिश्श्यांत बसेल तीच होडी घ्यावी. ज्याने कर्ज काढून होडी घेतली व दुरुस्तीस काही ठेविले नाही, त्याची होडी काठावर पालथी पडून राहते आणि हप्ता मात्र थांबत नाही. दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असावा. होडीस तरंगत ठेवणारे काम प्रथम, माणसास काठावर परत आणणारे काम त्यानंतर आणि रंग सर्वांत शेवटी.

मागचा फळा कुजला असल्यास वरून मलमपट्टी करून भागत नाही. इंजिन उतरवून आतील कवच कापावे, कुजके लाकूड निकोप भाग लागेपर्यंत काढावे व पोकळी पूर्ण वाळवावी. नवे लाकूड म्हणून भारतीय मानक ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लायवुड वापरावे, त्याच्या कडा रेझिनने बंद कराव्यात आणि त्यावर काचतंतूंचे नवे थर चढवावेत. बोल्टांचे प्रत्येक भोक आतून रेझिनने बंद केले नाही, तर हेच काम काही वर्षांनी पुन्हा करावे लागेल. हे काम पावसाळ्यात करू नये. रेझिन घट्ट करणारी दोन द्रव्ये, कोबाल्ट व हार्डनर, एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांचा स्फोट होतो. डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे असल्यावाचून या कामास बसू नये. इंजिनासाठी पाणी खेचणारी चक्री, प्लग व गिअर ऑइल प्रारंभीच बदलावे. इंधनाची जुनी रबरी नळीही बदलणे आवश्यक आहे, कारण हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबर लवकर खराब होते.

हा सर्व खर्च अनाठायी वाटत असेल, तर २१ मे २०२४ ची आठवण ठेवावी. त्या दिवशी उजनीच्या जलाशयात कुगाव व कळाशी या गावांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जण मृत्युमुखी पडले. वारा कोणाच्या हाती नाही. परंतु अंगावरील जीवरक्षक जाकीट, होडीतील वल्ही, पाणी उपसण्याचे भांडे आणि न तुटणारा फळा या गोष्टी मालकाच्याच हाती आहेत. जाकिटांची किंमत होडीच्या किमतीतच धरावी, ती उरलेल्या पैशांतून घेण्याची वस्तू नव्हे.

या कामी एकट्या खरेदीदारास दोष देऊन चालणार नाही. पहिल्यांदा होडी घेणारा माणूस कितीही हुशार असला, तरी त्याचा हात त्या परीक्षेस सरावलेला नसतो. गावातील मच्छीमार सहकारी संस्थेने एक लाकडी हातोडी, एक कॉम्प्रेशन मापक आणि तपासणीचा एक छापील कागद संस्थेत ठेवावा. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने नव्या खरेदीदाराबरोबर एक अनुभवी नावाडी व एक मिस्त्री जाईल अशी व्यवस्था लावावी. दोन माणसांची एक दिवसाची मजुरी ही बुडणाऱ्या कर्जापुढे काहीच नव्हे. बैल घेताना चार शेजारी बरोबर नेण्याची चाल गावात आजही आहे. तीच होडीच्या खरेदीसही लागू करावी. होडीत बसणारा माणूस पाण्यावर एकटा असतो, म्हणून ती घेताना तरी त्यास एकटे सोडू नये.