विश्लेषण : जुन्या घरात दुसरे शौचालय, पण स्लॅबला पेलेल का?

ठाण्यातील नौपाडा असो की डोंबिवली आणि कल्याणचा जुना भाग, एकच शौचालय असलेल्या घरात सकाळचे दोन तास कठीण जातात. एकाला लोकल गाठायची असते, दुसऱ्याला शाळा आणि गुडघेदुखीने बेजार आजीला थांबणे शक्य नसते. त्यामुळे कोपऱ्यात कमोड आणि बेसिनपुरती जागा काढावी, असे वाटण्यात गैर काही नाही. मात्र हे काम फक्त आपल्या घरापुरते नसते.

कल्याणमध्ये काय घडले?

२० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील चिकणीपाडा येथील सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम सुरू असताना स्लॅब कोसळला. त्याखाली सहा जणांचा जीव गेला. काम फक्त फरशीचे होते. शौचालयात तर भराव आणि भिंतीही येतात.

वजन किती वाढते?

स्वतंत्र शौचालयाला किमान तीन बाय चार फूट, म्हणजे सुमारे १.१ चौरस मीटर जागा लागते. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसे आणि सामानाचा भार प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो धरलेला असतो. पाइप लपवण्यासाठी नऊ इंच भराव टाकला, तर त्याचेच वजन ४०० किलोंच्या वर जाते. दोन बाजूंना साडेचार इंची विटांची सात फूट उंच भिंत बांधली, तर आणखी सुमारे एक टन. हा सगळा भार सळया गंजलेल्या जुन्या स्लॅबवर येतो.

पर्याय काय?

जागा सध्याच्या डक्टला लागूनच निवडावी. भिंतीतून पाइप बाहेर काढणारा पी-ट्रॅप कमोड बसवला, तर भरावाची गरज उरत नाही. विटांऐवजी एएसी ब्लॉक वापरल्यास भिंतीचे वजन साधारण एक तृतीयांशावर येते. खाली शेजाऱ्याचे स्वयंपाकघर असेल, तर जमीन पूर्ण जलरोधक करणे हा नियमच आहे.

परवानगीचे काय?

३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. घरात असे बदल करण्यापूर्वी सोसायटीची परवानगीही लागते. प्रत्यक्षात बऱ्याच सोसायट्या एकतर डोळेझाक करतात किंवा सरसकट नकार देतात. दोन्ही चूकच. नकार मिळाला की काम गुपचूप, ठेकेदाराच्या अंदाजावर होते. त्यापेक्षा सोसायटीने संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल मागावा, तो अनुकूल असेल तर अटींसह परवानगी द्यावी आणि काम सुरू असताना पाहणी करावी.

आजीची सोय व्हायलाच हवी. पण खालच्या मजल्यावरही कुणाची तरी आजी राहते.