मढं आपल्याच मातीतलं

गेल्या पावसाळ्यात चिखलदऱ्यात भीमकुंडाच्या कठड्याशी एक गृहस्थ कणीस खात पोराला कीचकवध सांगत होते. भीमानं कीचकाचे हातपाय धडात कोंबले, मांसाचा गोळा दरीत भिरकावला, इथं येऊन रक्ताचे हात धुतले. पोरगं डोळे फाडून ऐकत होतं. गोष्ट संपली आणि गृहस्थ माझ्याकडे वळले. "तो 'झोंबिवली' पाहिलात? मढी उठतात, चावतात, वर विनोद! आपल्या मातीतलं नव्हे हे."

काहून बाप्पा? 'कीचकदरा'चा चिखलदरा झाला, हे पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचं आणि पडद्यावर रक्त दिसलं की सोवळं नेसायचं? वेताळ कोण होता मग? प्रेतात शिरून विक्रमाच्या खांद्यावर बसायचा, कोडं घालायचा, राजा बोलला की परत झाडावर! भय आणि हास्य एकाच मढ्यात नांदवणारे आपण, आणि झोंबी म्हणे परका!

दुसरी कुरकुर पैशाची. "स्वस्तातला सिनेमा." अहो, जॉर्ज रोमेरोनं १९६८ साली सव्वा लाख डॉलरच्या आत झोंबीपटांचा पाया घातला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं त्यानं!

आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' २०२२च्या प्रजासत्ताकदिनी आला. त्यातली लागण येते पाण्यातून. टॉवरला पाणी, शेजारच्या वस्तीला ठणठणाट. रसिकाग्रणींनी रंगरंगोटी तेवढी पाहिली, पाणी कुणाच्या नजरेस पडलं नाही. याच तालुक्यातल्या खडीमलला उन्हाळ्यात या. टँकर विहिरीत रिकामा होतो आणि काठावरून दोर लावलेल्या बादल्या एकदम कोसळतात. गढूळ घोटासाठी माणूस माणसाला ढकलतो. हे पाहिलेल्याला तो सिनेमा परका वाटणं शक्य नाही.

मग २०२४ आलं. तेच सरपोतदार, कोकणातला 'मुंज्या', भाषा हिंदी, गल्ला १०० कोटींच्या वर. लगेच हीच मंडळी गहिवरली, "आपल्या मातीतली गोष्ट!" माती तीच, दिग्दर्शक तोच. मराठीत होता तेव्हा तुमची जीभ कुठं गहाण पडली होती? मला याचा संताप येतो, कारण आपल्या भाषेत धाडस करणारा माणूस आधी आपल्याच माणसांच्या नाक मुरडण्याला तोंड देतो.

गृहस्थांना मी हे सगळं ऐकवलं. ते कणसाचे दाणे सोलत राहिले. पोरगं मात्र कठड्यावरून खाली वाकलं.

"बाबा, तो गोळा अजून खाली असन का? उठला त?"

"चूप बस!" बाप खेकसला.

मी पोराच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली.

"असन ना," म्हटलं. "धुकं हटू दे, मंग पाहू."